पुराच्या पाण्यातून आलेली विजेची भट्टी: तपासणी, भाजणी आणि दुरुस्ती

मातीची भांडी भाजायची माझी विजेची भट्टी सांगलीच्या गावभागातली. तिथल्या एका बंद पडलेल्या कार्यशाळेत ती उभी होती, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी तिच्या कमरेपर्यंत चढलं होतं. दीड-दोन वर्षांनी मी ती भंगाराच्या भावात घेतली आणि टेम्पोत घालून माधवनगरच्या शेडमध्ये आणली. पहिल्या वर्षी तिच्यावर केलेल्या खर्चातला निम्म्याहून जास्त चुकीच्या जागी गेला. तापमान चढत नाही म्हणून थर्मोकपल, म्हणजे आतलं तापमान मोजणारी तारांची जोडी, बदललं, मग तापमान सांभाळणारा कंट्रोलर बदलला, आणि दोष निघाला येणाऱ्या विजेच्या दाबात. एक साधा मीटर लावून दहा मिनिटांत कळलं असतं असं ते दुखणं होतं.

हरिपूरच्या वाटेवर एक कुंभारकाका आहेत. शेणी, पाचट आणि भुसा घालून ते अजून आवा लावतात. माझी भट्टी पाहायला आले तेव्हा दाराला हात लावून म्हणाले, "आमचा आवा धुरानं बोलतोय पोरी. हिला धूर न्हाई, जाळ न्हाई. लिवून ठेवलंस तरच कळंल तुला." त्या दिवसापासून भट्टीशेजारी एक दोनशेपानी वही टांगलेली आहे. खाली जे सांगते आहे ते बहुतेक त्या वहीतूनच आलेलं आहे.

वीज तोडल्याशिवाय झाकण उघडू नका

कंट्रोलरचं बटण बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे. भट्टीची वीज चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेले असतील किंवा तेच काम करणारा सॉलिड स्टेट रिले आतून शॉर्ट झाला असेल, तर कंट्रोलर बंद असूनही एलिमेंटमध्ये, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या कॉइलमध्ये, पूर्ण दाबाची वीज खेळत असते. म्हणून भिंतीवरचा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच, बंद करा, शक्य असेल तर त्याला कुलूप घाला, आणि भट्टीच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावून तिन्ही फेज शून्य असल्याची खात्री करा. दार उघडताच वीज तोडणारा छोटा स्विच जुन्या भट्ट्यांमध्ये पुष्कळदा तारेने बांधून निकामी केलेला सापडतो. माझ्या भट्टीतही तसाच होता. पहिली दुरुस्ती त्याची करा, बाकी सगळं नंतर.

दुसरी गोष्ट धुळीची. जुन्या भट्ट्यांत दाराभोवतीची पांढुरकी दोरी किंवा पत्रा आणि विटा यांच्यामधला पुठ्ठ्यासारखा बोर्ड अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो, आणि नुसतं पाहून ते ओळखता येत नाही. तो भाग खरवडू नका, झाडू नका, कोरडा तर मुळीच फोडू नका. सुटून येत असेल तर ते काम येणाऱ्या माणसालाच बोलवा. विटांची धूळही सिलिकाची असते, म्हणून साफसफाई करताना एन-९५ मास्क लावाच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

मग पत्रा काढून आत पाहा. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, काळे पडलेले पोर्सिलेनचे कनेक्टर, आणि कुणीतरी कधीतरी घातलेली साधी पीव्हीसी वायर. भट्टीच्या अंगाला लागून पीव्हीसी चालत नाही, ती वितळते. तिथे फायबरग्लासचं आवरण असलेली उष्णतारोधक वायरच हवी.

पाटी नसेल तर ताकद कशी काढायची

माझ्या भट्टीची पाटी पुरात गंजून गेली होती. अशा वेळी प्रत्येक एलिमेंट सर्किट सुटं करून त्याचे ओहम मोजा. आधी मल्टीमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहा, जो ०.३-०.४ ओहम दिसेल तो नंतरच्या मापातून वजा करा. माझी तीन सर्किट आहेत, वरचं, मधलं आणि खालचं, आणि नव्या एलिमेंटवर प्रत्येकाचे १७.६ ओहम येतात. २३० चा वर्ग भागिले १७.६ म्हणजे साधारण ३,००० वॅट. तिन्ही मिळून ९ किलोवॅट, आणि प्रत्येक फेजवर सुमारे १३ अँपिअर.

हाच भार एका फेजवर घेतला तर ३९ अँपिअर होतो, म्हणजे घरगुती सिंगल फेज कनेक्शनचा विचारही नको. महावितरणकडे थ्री फेज मागताना मंजूर भारात भट्टीचे पूर्ण किलोवॅट धरा. भट्टी तासन्‌तास सलग वीज ओढते, त्यामुळे वायर आणि एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) काठावरचे निवडू नका. माझ्याकडे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि २० अँपिअरचा एमसीबी आहे.

वायरमनला एक गोष्ट स्वतः उभं राहून विचारा: जोडणी स्टार आहे की डेल्टा? स्टारमध्ये प्रत्येक एलिमेंटला २३० व्होल्ट मिळतात, डेल्टामध्ये ४०० च्या आसपास. स्टारसाठी बनवलेलं एलिमेंट डेल्टात जोडलं तर ते तिप्पट ताकद ओढतं आणि पहिल्याच भाजणीत जळतं. मोटारींच्या कामाला सरावलेल्या माणसाचा हात सवयीने डेल्टाकडे जाऊ शकतो.

अर्थिंगबाबत तडजोड नाही. पत्र्याच्या प्रत्येक भागापासून अर्थच्या तारेपर्यंत अखंड जोड हवा, दाराच्या पत्र्यालाही. तापलेली वीट थोडीफार वीज वाहू लागते, हे लक्षात ठेवलं म्हणजे अर्थिंगचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

ओल काढणं

पुरात भिजलेली असो, नाहीतर पावसाळाभर बंद पडून राहिलेली असो, विटा ओल धरतातच. अशी भट्टी थेट सुरू केली की आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. मग कुणीतरी सुचवतं, "आरसीसीबी काढून टाका, चालेल." काढू नका. तो पडतो आहे कारण विटांतल्या ओलीतून वीज पत्र्याकडे गळते आहे.

आधी काही दिवस दार उघडं ठेवून पंखा लावा. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने एलिमेंट आणि पत्रा यांच्यामधलं इन्सुलेशन मोजून घ्या. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर अजून वाळवा. त्यानंतर भट्टी रिकामी ठेवून, झरोके उघडे ठेवून, १०० अंशांच्या आसपास पाच-सहा तास, मग २०० ला तीन-चार तास, मग सावकाश ६०० पर्यंत न्या. माझ्या भट्टीला हे सगळं दोनदा करावं लागलं. पहिल्या खेपेला पत्र्याच्या खालच्या कडेतून पाण्याचे थेंब ओघळत होते.

एका चुंबकाची दोन कामं

जुन्या स्पीकरमधलं चुंबक जवळ ठेवा. थंड भट्टीत, वीज तोडून, ते एलिमेंटला लावा. चिकटलं तर तार कँथलसारख्या लोखंड-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे. चिकटलं नाही तर बहुधा निक्रोम, म्हणजे निकेल-क्रोमियमची. हा फरक मोठा आहे. कँथल ए-वन जातीची तार स्वतः १,४०० अंशांपर्यंत टिकते, निक्रोमची मर्यादा १,२०० च्या आसपास. तार नेहमी भट्टीच्या हवेपेक्षा जास्त तापलेली असते, म्हणून निक्रोमच्या भट्टीत १,१०० च्या वर जाण्याचा हट्ट धरू नका. तिच्यात टेराकोटा आणि बिस्क (ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप देण्याआधीची पहिली भाजणी) उत्तम होतात.

चुंबकाचं दुसरं काम थर्मोकपलवर. के टाइप थर्मोकपलच्या दोन तारांपैकी चुंबकाला चिकटते ती ऋण. रंगांवर विसंबू नका, देशादेशांत रंगांचे नियम वेगळे आहेत. तारा उलट्या लागल्या तर भट्टी तापेल तसा आकडा खाली जातो, हे लगेच लक्षात येतं. पण भट्टीपासून कंट्रोलरपर्यंतची केबल दोन्ही टोकांना उलटी लागली असेल तर चूक लपते. आकडा वर जातो, फक्त कमी दिसतो. थर्मोकपलचं डोकं ६० अंशांना आणि कंट्रोलर ३० अंशांना असेल तर साधारण ६० अंश कमी. म्हणजे तुम्ही १,००० समजता तेव्हा आत १,०६० असतात. ही केबल के टाइपचीच हवी, साधी तांब्याची वायर जोडून चालत नाही.

थर्मोकपल तपासण्याची घरगुती रीत: सिरॅमिकच्या नळीतून काढून नुसतं टोक उकळत्या पाण्यात धरा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कंट्रोलरवर ९६ ते १०० दिसलं तर जोडणी ठीक आहे. मात्र यावरून हजार अंशांना ते खरं बोलेल असं समजू नका. के टाइप उंच तापमानात वर्षानुवर्षं राहिलं की भरकटतं. त्यासाठी शंकूच हवेत.

पायरोमेट्रिक शंकू म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे सुळके. हेरमान झेगर यांनी १८८६ मध्ये ते बर्लिनमध्ये तयार केले. आज आपण जे वापरतो ते बहुतेक ऑर्टन या अमेरिकी संस्थेच्या क्रमांकांचे. शंकू ०६ साधारण १,००० अंशांना, शंकू ६ साधारण १,२२० ला वाकतो. तो नुसतं तापमान मोजत नाही, किती वेळ किती आच लागली हे दाखवतो, आणि मातीवरही तेच काम करतं. भट्टीत भांडी ठेवायच्या प्रत्येक फळीवर एक शंकू ठेवा. हा खर्च कधीही टाळू नका. झरोक्यातून पाहताना गॅस वेल्डिंगचा हिरवा चष्मा लावा.

भरणी आणि भाजणी

फळ्यांना वरच्या बाजूला केओलिन (पांढरी चिनी माती) आणि अ‍ॅल्युमिना हायड्रेट समप्रमाणात कालवून त्याचा पातळ लेप द्या. प्रत्येक फळीला तीनच टेकू. तीन पायांवर फळी डगमगत नाही. वरच्या फळीचे टेकू खालच्या टेकूंच्या बरोबर वर यावेत. भांडं एलिमेंटपासून दोन बोटं लांब ठेवा. बिस्कला भांडी एकमेकांत ठेवली तरी चालतात, ग्लेझला एकमेकांना शिवताही कामा नयेत.

आता माझ्या बिस्कचा क्रम. माती स्थानिक, कृष्णाकाठच्या पोयट्याची.

रात्री झोपताना ८० अंशांवर लावते, झरोके उघडे. पावसाळ्यात सकाळी लगेच पुढे जात नाही. वरच्या झरोक्यावर थंड स्टीलची ताटली क्षणभर धरते, तिच्यावर वाफ धरली तर आणखी दोन तास थांबते. भांडी फुटतात ती बहुतेक इथेच, आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन. मग २५० पर्यंत ताशी ६० ते ७० अंश. तिथून ६०० पर्यंत ताशी १००. या टप्प्यात मातीतलं रासायनिक बांधलेलं पाणी सुटतं, आणि ५७३ अंशांना वाळूतला क्वार्ट्झ एकदम फुगतो, म्हणून घाई नाही. पोयट्यात पाल्यापाचोळ्याचा अंश असतो. तो ७०० ते ९०० मध्ये जळतो आणि त्याला हवा लागते, म्हणून झरोके ९०० पर्यंत तरी उघडे. पुढे ९५० पर्यंत ताशी १५०, वीस मिनिटं स्थिर, आणि बंद.

थंड होताना क्वार्ट्झ ५७३ ला पुन्हा आकसतो. दार १०० च्या वर उघडू नका. मी १५० ला उघडलेल्या दोन भट्ट्यांत मोठ्या परातींना चिरा गेल्या होत्या.

ही माती १,१०० च्या पुढे नेऊ नका. ती आधी फुगते, मग बसते, आणि फळी वाया जाते. उंच तापमानाच्या ग्लेझसाठी तयार स्टोनवेअर माती आणावी लागते. आणि काळ्या जमिनीजवळची माती असेल तर चुनखडीचे खडे गाळून काढा. भाजल्यावर त्यांचा चुना होतो, तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि आठवड्याभराने भांड्याचे टवके उडतात. त्यात भट्टीचा काही दोष नसतो.

तापमान चढत नाही

जुन्या भट्टीची सगळ्यात मोठी तक्रार हीच. ८०० पर्यंत ठीक जाते, मग रेंगाळते, आणि १,००० च्या आधीच थांबते. काहीही विकत आणण्याआधी दोन मापं घ्या, भट्टी चालू असताना आणि एकाच वेळी: टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर) प्रत्येक फेजचे अँपिअर, आणि भट्टीच्या टर्मिनलवर प्रत्येक फेजचे व्होल्ट. उघड्या टर्मिनलवरचं हे दुसरं माप वायरमनकडूनच घ्या.

दोन्ही का, ते सांगते. माझ्या निरोगी भट्टीत २३० व्होल्टला १३ अँपिअर येतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या रेंगाळणाऱ्या भाजण्यांत सव्वाअकरा येत होते. एलिमेंट म्हातारं होऊन १७.६ चे २० ओहम झाले असते तरी साडेअकराच आले असते. नुसते अँपिअर पाहून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात. व्होल्ट मोजले तेव्हा १९८ निघाले. आमच्या भागात उसाला पाणी द्यायची पाळी सुरू झाली, पंप चालू झाले, की दाब उतरायचा. ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते: १९८ भागिले २३०, त्याचा वर्ग ०.७४. म्हणजे व्होल्ट १४ टक्के कमी आणि आच २६ टक्के कमी. ९ किलोवॅटची भट्टी पावणेसात किलोवॅटची झालेली, आणि मी थर्मोकपल बदलत बसलेले.

उपाय फुकट होता. दोन आठवडे दर तासाला व्होल्ट लिहून काढले, दाब भरपूर असलेले तास सापडले, आणि भाजणीचा शेवटचा टप्पा त्या तासांत येईल असा आरंभ मागे सरकवला. सुरुवातीच्या संथ टप्प्याला कमी दाब चालतो.

व्होल्ट ठीक आणि तिन्ही फेजचे अँपिअर सारखेच कमी असतील तर एलिमेंट थकली आहेत. भट्टी थंड झाल्यावर ओहम मोजा. कँथलचा रोध तापल्यावर जेमतेम चार टक्के वाढतो, म्हणून थंड माप विश्वासाचं असतं. नव्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढ दिसली की बदलण्याची तयारी करा.

एका फेजवर अँपिअर शून्य असतील तर एलिमेंट तुटलं आहे, फ्यूज गेला आहे, कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळला आहे, किंवा बाहेरून फेजच येत नाही. माझ्या भट्टीत प्रत्येक फेज एकेका थराला आहे, त्यामुळे शंकूच सांगतात: वरचे वाकलेले आणि खालचा ताठ उभा, म्हणजे खालची फेज बघा.

बाकीची दुखणी

आकडा थांबायला हवा तिथे थांबत नाही, ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. कारणं तीन: कॉन्टॅक्टर चिकटला, सॉलिड स्टेट रिले शॉर्ट झाला, किंवा थर्मोकपल भोकातून बाहेर सरकलं आणि कमी तापमान दाखवत राहिलं. म्हणून शेवटचे दोन तास भट्टीजवळ माणूस हवा, कंट्रोलर कितीही नवा असला तरी. कंट्रोलरने वीज तोडलेली असताना टाँग टेस्टर लावा. अँपिअर दिसले तर आयसोलेटर खाली ओढा.

एमसीबी लगेच पडला तर शॉर्ट शोधा. तीन-चार तासांनी पडत असेल तर कुठलातरी स्क्रू ढिला आहे आणि तो जोड तापतो आहे. जळका वास, काळवंडलेला कनेक्टर या त्याच्याच खुणा. अशा वेळी नुसता स्क्रू आवळून भागत नाही. काळी पडलेली तार चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, नवा कनेक्टर लावा, आणि पुढच्या भाजणीनंतर वीज तोडून पुन्हा एकदा आवळा.

मध्येच वीज गेली तर झरोके बंद करा आणि वहीत वेळ व तापमान लिहा. ६०० च्या खाली असाल तर वीज आल्यावर पुढे सुरू करा, काही बिघडत नाही. त्याच्या वर असाल तर तापमान किती उतरलं ते पाहा आणि शेवट शंकूवरून ठरवा, घड्याळावरून नाही. वीज आल्यावर तुमचा कंट्रोलर पहिल्या पायरीपासून सुरू होतो की सोडलेल्या जागेवरून, हे रिकाम्या भट्टीवर आधीच तपासून ठेवा.

विटांच्या बारीक चिरांनी घाबरू नका, त्या येतातच. दाराच्या फटीतून लाल उजेड दिसत असेल तर मात्र बिजागरी आणि कडी नीट बसवून घ्या.

एलिमेंट बदलताना

जुनी कँथल तार काचेसारखी ठिसूळ झालेली असते. खोबणीतून बाहेर लोंबणारी तार थंड असताना दाबली तर मोडतेच. वीज तोडून गॅसच्या टॉर्चने तो भाग लाल करा आणि लाल असतानाच पकडीने आत बसवा.

नवी घेताना जुन्या एलिमेंटचे मूळ ओहम, तारेची जाडी आणि खोबणीची लांबी वाइंडिंगवाल्याला लिहून द्या. खोबणीत सुतळी फिरवून लांबी मोजा, वळणं पट्टीने नीट मोजता येत नाहीत. कॉइल सगळीकडे सारखी ताणा. दोन वेढ्यांमध्ये निदान तारेच्या जाडीएवढी फट हवी, वेढे एकमेकांना चिकटले तर तिथेच जळतात. टोकाच्या शेपट्या दुहेरी पिळलेल्या असाव्यात, म्हणजे विटेतून जाताना त्या कमी तापतात. तिन्ही थर एकदम बदला. जुनं-नवं मिसळलं तर भट्टी एका बाजूला झुकून तापते.

बसवण्याआधी खोबणीत सांडलेल्या ग्लेझचा प्रत्येक काळा ठिपका मऊ विटेसकट कोरून काढा. तो वितळून तार खातो. मी हे एकदा आळसाने सोडलं आणि चौथ्या भाजणीत नवं एलिमेंट बरोबर त्याच जागी तुटलं.

पहिली भाजणी रिकामी, झरोके उघडे, १,०५० अंशांपर्यंत सावकाश, आणि तिथे एक तास. या वेळात तारेवर अ‍ॅल्युमिनाचा करडा थर धरतो, आणि पुढे तोच तिला वाचवतो. थंड झाल्यावर तिन्ही सर्किटचे ओहम पुन्हा मोजा आणि तारीख, व्होल्ट, अँपिअरसह वहीच्या पहिल्या पानावर लिहा. यापुढची प्रत्येक तुलना त्याच आकड्यांशी करायची आहे.